चांदीच्या गाईचं दूध

शेषगिरी मास्तरांना दूध आवडत नव्हतं एवढं म्हणून भागणार नाही. मला पडवळ आवडत नाही. पण पानात पडवळ पडलं म्हणून मी पाटावरून उठून गावाबाहेर जात नाही. मास्तर जात. चुलीवर दूध चढलं की ते अंगणात येत, दुधावर बुडबुडे धरले की रस्त्यावर, आणि उतू गेलं तर थेट केलगेरीच्या तळ्यावर. जळक्या दुधाचा वास घरातल्या धोतरा-लुगड्यांतून जाईपर्यंत त्यांचा पत्ता नसे.

अशा माणसाला देवाने धारवाडात जन्माला घालावं, याला काय म्हणायचं? इथे सकाळ उजाडते तीच दुधाच्या घागरींच्या आवाजाने. दुपारी लाइन बाजाराकडून वारा आला की पेढ्यासाठी तास तास आटवलेल्या दुधाचा वास गावभर पसरतो. तुम्हा-आम्हाला त्याने भूक लागते. मास्तर तिथून जाताना उपरण्याचं टोक नाकाशी धरत, मसणवट्यावरून चालल्यासारखे. शाळेत निकालाच्या दिवशी पालक पेढे घेऊन येत. मास्तर पेढा दोन बोटांत धरत, मेलेलं पाखरू धरावं तसा, आणि माझ्या टेबलावर आणून ठेवत. मी शेजारच्या वर्गाला मराठी शिकवीत असे. त्या वर्षांत माझं वजन जे वाढलं ते मास्तरांच्या पेढ्यांनी.

"दूध म्हणजे काय हो," ते मधल्या सुट्टीत मला सांगत, "म्हशीच्या अंगातून निघालेलं ऊन ऊन पाणी. ते आमच्या गवळणीच्या, जनाबाईच्या बोटांवरून येतं. त्यात म्हशीचा एक केस असतोच. सापडला नाही तर आपण तो प्यालो असं समजावं."

हे एकदा ऐकल्यावर माणसाने कॉफी प्यायची कशी? मी पुढचे तीन महिने डोळे मिटून प्यालो.

त्यांचा खरा राग सायीवर. "निवल्यावर जिला कातडी धरते अशी दुसरी वस्तू सांगा बघू," असं ते विचारत. "जखम," ते स्वतःच सांगत आणि डबा बंद करून टाकत. त्यांचाही आणि आपलाही.

या सगळ्याचं मूळ लहानपणात होतं. ते अंगाने किरकोळ, म्हणून त्यांच्या आईने त्यांना दूध पाजायचा चंग बांधला होता. हळद घालून दूध, तूप घालून दूध, आणि आठव्या वर्षी गोठ्यात उभं करून धारोष्ण दूध. "फेसासकट," मास्तर सांगत. "अंगाइतकं ऊन. तापकऱ्याचा हात तोंडात धरावा तसं." हे सांगताना पन्नाशीला टेकलेला तो माणूस अजून खांदे आखडून घेई. लग्नात सासूबाईंनी चांदीच्या पेल्यात केशरी दूध दिलं, ते त्यांनी सगळ्यांची नजर चुकवून तुळशीत ओतलं. दुसऱ्या दिवशी तुळशीला मुंग्या लागल्या. "मी तेव्हाच ओळखलं," त्यांच्या बायको कुसुमावतीबाई म्हणत, "आता जन्मभर गुळाची कोरी कॉफी." दर कोजागिरीला मास्तरांना ठरल्याप्रमाणे ताप येई, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे उतरे.

त्यातून बिऱ्हाड मिळालं ते गवळी गल्लीच्या तोंडाशी. समोरच जनाबाई गवळणीच्या चार म्हशी. जनाबाईला मास्तरांचा राग नव्हता, पण अपमान झाल्यासारखं वाटे. "मास्तर," ती दारातून ओरडून सांगे, "दूध हाय हे, शेण न्हाई."

"शेणाला निदान कातडी धरत नाही, जनाबाई," मास्तर खिडकी लावून घेत म्हणत.

एरवी माणूस सोन्यासारखा. गणित असं शिकवत की अपूर्णांकालासुद्धा आपण पूर्ण आहोत असं वाटावं. पण सहा वर्षं शाळेत हंगामीच राहिले. दर मे महिन्यात कुसुमावतीबाई भांडी पोत्यात बांधत, आणि जूनमध्ये पुन्हा नेमणूक झाली की सोडत. माहेरून आणलेलं जाईचं रोप त्यांनी रॉकेलच्या डब्यात लावून ठेवलं होतं. वेल वाढला होता, डब्याच्या पत्र्याला भोकं पडून मुळं बाहेर आली होती, पण त्या तो जमिनीत लावीनात. "कायम झाले की लावू," म्हणत. "उगाच मुळं धरली आणि उपटावी लागली तर?"

कायम करणं होतं शाळेच्या अध्यक्षांच्या हातात. रावसाहेब विठ्ठलराव हे निवृत्त मामलेदार, सत्तरीचे, पांढऱ्या झुपकेदार मिशांचे. चहाने तुमच्या पोटाची माती केली, असं त्यांना कुणा डॉक्टरने सांगितलं आणि त्या दिवसापासून त्यांनी चहाशी उभा दावा मांडला. पस्तीस साली त्यांनी 'क्षीरसंजीवनी मंडळ' काढायचं ठरवलं. रोज शाळा सुटल्यावर सभासदांनी एकत्र बसून पावशेर दूध प्यायचं. सभासद म्हणजे अर्थात आम्ही मास्तर मंडळी. ज्यांना सभासद व्हायचं नसेल त्यांनी कारण लेखी कळवावं, अशी नोटीस निघाली. कुणीही काही कळवलं नाही.

आणि मंडळासाठी रावसाहेबांनी गाय आणली.

रेल्वेचा एक गोरा इंजिनियर विलायतेला परत निघाला, त्याच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं. त्यात ही होती. चांदीची गाय, वीतभर लांब. पाठीवर झाकण, ते उघडून दूध आत घालायचं. शेपटी वळवून पाठीवर टेकवलेली, तोच दांडा. शेपटी धरून गाय कलती केली की तोंडातून दूध पडे. झाकण उचलायला वर एक चांदीची माशी बसवलेली. हुबळीला दाजीबानपेठेत ओळखीच्या सराफाने पोटाखालचे छाप बघून दीडशे वर्षांची असावी असं सांगितलं होतं.

मास्तरांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा लांबूनच तिच्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "दुधाच्या भांड्यावर मुद्दाम माशी घडवून बसवणारा माणूस घरी कसा जेवत असेल?"

रावसाहेबांनी आम्हाला दुग्धपानाच्या इतिहासावर व्याख्यान दिलं. वेदकाळी दूध होतं, गोकुळात दूध होतं, मग आपण चहा प्यायला लागलो आणि राज्य गेलं.

"राज्य गेलं तेव्हा चहा आलाच नव्हता," संस्कृतचे शिक्षक बाळाचार्य माझ्या कानाशी पुटपुटले.

"आणि हे इंग्रज बघा," रावसाहेब गाय उचलून म्हणाले, "दीडशे वर्षांपूर्वी चांदीच्या गाईतून दूध घेत होते. म्हणून इथवर आले."

ते इंग्रज हे दूध चहात घालायला घेत होते, हे सगळ्यांना माहीत होतं. बाळाचार्यांची हरकत निराळी होती, आणि ती त्यांनी उभं राहून मांडली.

"रावसाहेब, गाय सर्वांगाने पवित्र. पाठ पवित्र, शेपूट पवित्र, शेण-मूतसुद्धा पवित्र. एक तोंड तेवढं अपवित्र, असं शास्त्र आहे. दूध यायचं ते कासेतून. तोंडातून येतं ती वांती."

"आणि देवळात गोमुखातून तीर्थ पडतं ते?"

"ते पाणी आहे. पाण्याला तोंड चालतं."

मास्तर माझ्या शेजारी पांढरेफटक बसले होते. "वांती," ते स्वतःशीच म्हणाले. बाळाचार्यांना शास्त्र सांगायचं होतं. मास्तरांना ती वांती डोळ्यांपुढे दिसली.

व्याख्यान संपल्यावर रावसाहेबांनी मास्तरांना बाजूला घेतलं. "नागपंचमीला मंडळाचं उद्घाटन. पहिलं फुलपात्र मी घेणार, दुसरं तुम्ही. त्याच दिवशी तुमचं कायमचं पत्र सगळ्यांसमोर देतो. दुधाविषयी तुमचं काही काही ऐकतो मी. ते सोडा आता."

मास्तर घरी गेले आणि त्या संध्याकाळपासून सराव सुरू झाला. कुसुमावतीबाई चमच्यात दूध घेत, मास्तर नाक दाबून उभे राहत आणि एकोणतीसचा पाढा म्हणत. पहिल्या दिवशी एक थेंब. तो एकोणतीस दाही दोनशे नव्वदला बाहेर आला. दुसऱ्या दिवशी अर्धा चमचा, तो अंगणात. समोर जनाबाई म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बघत असे. "बाई, त्यांना मध लावून द्या," ती सांगे. "म्हशीला औषध देताना आम्ही तसंच करतो."

दहाव्या दिवशी पूर्ण चमचा पोटात राहिला. मास्तर भिंतीला टेकून बसले, कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी. "जिभेवर साय चिकटल्यासारखी वाटते," म्हणाले. कुसुमावतीबाईंनी तांब्याभर पाणी दिलं आणि डब्यातल्या जाईकडे बघत म्हणाल्या, "आता फुलपात्रच तेवढं राहिलं."

पंचमी आली. आमच्याकडे त्या दिवशी नागप्पाच्या दगडावर दूध घालतात, आणि घालताना प्रत्येकाच्या नावाने वाटा काढतात. देवर पालु, अप्पन पालु, अव्वन पालु, म्हणजे देवाचा वाटा, बापाचा वाटा, आईचा वाटा. घरात जितकी माणसं तितके पालु. रावसाहेबांना ते पटत नसे. "दगडाला घालता ते माणसाला पाजा," म्हणून त्यांनी मुद्दाम हाच मुहूर्त धरला होता.

शाळेच्या सभागृहात पांढरी चादर घातलेलं टेबल. त्यावर गाय. कपाळाला हळदकुंकू, गळ्यात शेवंतीचा हार. पुढे पितळी फुलपात्रं मांडलेली. बाहेर श्रावणाची चिरचिर, आत ओल्या छत्र्यांचा वास. मागे बायका बसल्या होत्या, त्यांत कुसुमावतीबाई. जनाबाई सकाळचं दूध देऊन दारातच थांबली होती. रावसाहेबांच्या कोटाच्या खिशातून लिफाफ्याचं टोक दिसत होतं. आम्ही सगळे तिकडेच बघत होतो. मास्तर नव्हते बघत. झाकण उघडून गाईत दूध ओतलं गेलं तेव्हा त्यांच्या नाकपुड्या हलल्या, आणि त्यांनी माझं कोपर धरलं.

"हे नेहमीचं नाही," ते कुजबुजले.

"मास्तर, दूध आहे. वास येणारच तुम्हाला."

"दुधाचा वास मला रोज येतो हो. हा दुधाचा नाही. हे मेलेलं काही तरी आहे."

"गप्प बसा," मी म्हणालो. "खिशात पत्र आहे." मी असं म्हणालो हे खरं, आज लिहिताना बरं वाटत नाही.

रावसाहेबांनी शेपटी धरून गाय कलती केली. तोंडातून बारीक धार आली, मध्येच थांबली, मग एक गिळगिळीत कण बाहेर आला आणि धार पुन्हा सुरू झाली. फुलपात्र भरलं. रावसाहेबांनी ते उचललं, डोळे मिटले आणि श्लोक सुरू केला. मास्तरांनी एकदा त्या लिफाफ्याकडे पाहिलं, एकदा मागे बायकोकडे, आणि मग चहासुद्धा न सोसणाऱ्या त्या म्हाताऱ्या पोटाकडे.

"रावसाहेब, पिऊ नका."

श्लोक तुटला. "का?"

"नासलेलं आहे."

मागे कुणी तरी हसलं. रावसाहेबांनी फुलपात्र खाली ठेवलं. "मास्तर, तुम्हाला प्यायचं नाही हे गावाला ठाऊक आहे. पण माझ्या मंडळाच्या पहिल्या दिवशी असला तमाशा करायचं कारण नव्हतं."

"मला प्यायचं नाही हे खरं. तुम्ही पिऊ नये हे वेगळं."

"माझं दूध सकाळचं हाय," दारातून जनाबाई म्हणाली. "त्याला नाव ठेवायचं न्हाई, सांगून ठेवते."

"तुमच्या दुधाला नाही म्हणत, जनाबाई. या गाईला आतून कुणी धुतलं होतं, तेवढं सांगा."

रावसाहेबच म्हणाले, "श्रावण लागला त्या दिवशी घरी पूजा केली. दुधाने भरून नैवेद्य दाखवला. मग दूध काढून घेतलं, पाणी घातलं, रेशमी वस्त्राने पुसली."

"उलटी धरून निथळली का?"

"गाईला उलटं धरायचं?" रावसाहेबांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "चार पाय वर करून? श्रावणात?"

आणि खरं सांगतो, तिथल्या एकाही माणसाला यात काही चुकलं असं वाटलं नाही. मलाही नाही. चांदीची झाली तरी गाय. आपल्या घरात कुणाचा हात झाला असता? जे बाळाचार्य तिच्या दुधाला वांती म्हणत होते तेसुद्धा म्हणाले, "छे छे, उलटं कसं धरणार."

मास्तर पुढे झाले. त्यांनी गाईच्या गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला, तिला हात जोडले, परात ओढली आणि गाय उताणी केली. चार पाय वर. मागच्या बायकांतून एक लांब श्वास ऐकू आला. झाकणातून आजचं दूध बाहेर पडलं. मास्तरांनी गाय जोरात झटकली. काही नाही. पुन्हा झटकली.

तेव्हा ते आलं. आधी गळ्यातून हिरवट पाणी. मग पोकळ पायांतून चार गोळे, एकामागून एक, परातीत पडताना प्याच् असा आवाज करत. पिवळे, बुळबुळीत, तारा सुटलेले, खुरांच्या बाजूला निळी बुरशी धरलेले. आणि प्रत्येक गोळा गाईच्या पायाच्या आकाराचा. परातीत चार इवलेसे पाय पडले होते. वास असा की पावसात भिजलेलं चामडं आंबलेल्या ताकात घालून चार दिवस कोंडून ठेवावं. पहिली रांग आपोआप मागे सरकली. बाळाचार्य नाकाला उपरणं लावून खिडकीत गेले आणि तिथूनच म्हणाले, "मी म्हटलं होतं." माझ्या पोटातले सहा वर्षांचे पेढे हलले.

एकटे मास्तर तेवढे शांत होते. जन्मभर ज्याची भीती वाटत आली ते आता सगळ्यांनाच दिसत होतं.

रावसाहेबांनी परातीत पाहिलं, मग आपल्या फुलपात्रात तरंगणाऱ्या कणाकडे. खिशातून रुमाल काढून त्यांनी मिशा पुसल्या, न भिजलेल्या. खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "कुणाकडे कोरी कॉफी मिळेल का?"

ती कुसुमावतीबाईंनी करून आणली, गुळाची. क्षीरसंजीवनी मंडळाचं उद्घाटन कोऱ्या कॉफीने झालं, हे इतिवृत्तात लिहिलेलं नाही. जनाबाईसुद्धा एक फुलपात्र प्याली. "मास्तर," ती म्हणाली, "माझ्या दुधाचं नाव राखलंत."

कॉफी झाल्यावर रावसाहेबांनी खिशातला लिफाफा काढला. मास्तरांच्या हातात मात्र दिला नाही. टाक मागितला, पत्र उघडून त्यात खाली काही तरी लिहिलं, वाळू दिलं, आणि मग पुढे केलं. आम्ही मास्तरांच्या खांद्यावरून वाचलं. गणिताचे शिक्षक म्हणून कायम. खाली रावसाहेबांच्या मामलेदारी अक्षरात: मंडळाचे दूध सभासदांनी पिण्यापूर्वी रोज हुंगून मंजूर करणे, हेही काम मास्तरांकडे राहील.

"कायम झालात," मी म्हणालो.

"हो," मास्तर म्हणाले. "दोन्हींत."

जाई दुसऱ्याच दिवशी जमिनीत लागली. आणि त्यानंतर रोज शाळा सुटल्यावर मास्तर दुधाच्या घागरीपाशी उभे राहत, झाकण उघडत, वाकून एक श्वास घेत. चेहरा असा होई की नवीन माणसाला वाटावं, यांना कुणी मेल्याची तार दिली. मग 'चालेल' म्हणून मान हलवत आणि बाहेर जाऊन लवंग चघळत. सवय त्यांना कधी झाली नाही. लढाईच्या दिवसांत दुधात काय काय येऊ लागलं, पीठ, पाणी; मास्तरांच्या नाकापुढे काही टिकलं नाही. "जनाबाई, आज म्हशीने कांद्याची पात खाल्ली," असं ते सांगत आणि जनाबाई कपाळावर हात मारे, कारण ते खरं असे. बारा वर्षांत एका सभासदाचं पोट बिघडलं नाही. मी रोज पावशेर दूध प्यालो, मास्तरांचा चेहरा आठवून, कडू काढ्यासारखं.

रावसाहेब त्रेचाळीस साली गेले, म्हातारपणाने, पोटाने नव्हे. जाण्यापूर्वी त्यांनी गाय मास्तरांकडे पाठवली, रेशमी वस्त्रात गुंडाळून. सोबत चिठ्ठी: हिला धुवायची हिंमत तुमच्याकडेच आहे.

पुढे मी कुठल्याशा पुस्तकात वाचलं की इंग्रजांनीही असल्या गाई वापरायचं सोडून दिलं होतं, आतून धुता येत नाहीत म्हणून. मास्तरांना सांगितलं. ते विचारात पडले. "म्हणजे सोडेपर्यंत ते प्यालेच," म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यांच्याकडे गाईतून दूध निघे ते वर्षातून एकदा, पंचमीला. आदल्या दिवशी मास्तर जाईखाली बसून, तिचे पाय वर करून, काडीला फडकं बांधून ती आतून घासत. मी एकदा पंचमीच्या दिवशी बघायला गेलो होतो. नागप्पाच्या दगडापाशी त्यांनी एका हाताने उपरणं नाकाशी धरलं होतं, दुसऱ्या हाताने शेपटी. देवर पालु. कुसुमावतीबाईंच्या आई-वडिलांचा. रावसाहेबांचा, हा जरा सावकाश. जनाबाईच्या म्हशींचासुद्धा. शेवटी आपला, आणि तो सगळ्यांत मोठा, गाय रिकामी होईपर्यंत.

दूध दगडावरून ओघळून खाली मातीत मुरलं. मास्तर कलून त्या दगडी नागाच्या तोंडाकडे बघत राहिले.

"दगडाचा आहे ते बरं," ते म्हणाले. "नाही तर प्यावं लागलं असतं बिचाऱ्याला."